ब्रेन कॅन्सर असलेल्या माणसाला साथ कशी द्यायची? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, ब्रेन ट्युमर आहे. ऑपरेशन, रेडिएशन, केमोच्या गोळ्या सगळं झालंय, आता दर काही महिन्यांनी एमआरआय असतो. ओळखीत कुणाला असं काही निघालं की लोक मला फोन करतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. हे शेजारी, पाहुणे, मित्र, मंडळातली पोरं, कामावरची माणसं यांच्यासाठी आहे. औषधाचं काहीही असलं तर डॉक्टरांनाच विचारायचं.

ब्रेन ट्युमर म्हणजे कॅन्सरच का?

नाही, सगळे नाहीत. मेंदूवरच्या आवरणातल्या मेनिंजिओमासारखे कितीतरी ट्युमर बहुतेक वेळा कॅन्सरचे नसतात. मेंदूतच सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये ग्लायोमा जास्त ऐकायला येतो, त्याला १ ते ४ ग्रेड असतात, ग्लायोब्लास्टोमा हा ग्रेड ४ चा आणि सगळ्यात जोरात वाढणारा. दादाचा ग्रेड ३ चा. कधीकधी फुफ्फुसाचा किंवा ब्रेस्टचा कॅन्सर मेंदूत जातो, त्याची ट्रीटमेंट वेगळी असते. तेव्हा तुमच्या मावशीच्या दिराला काय झालं होतं आणि तो किती दिवस राहिला हे इथं सांगून उपयोग नाही. नेटवरचे महिने-वर्षांचे आकडे तर घरच्यांना अजिबात सांगू नका. ते हजारो पेशंटचे मधले आकडे असतात, आणि वय, ऑपरेशनमध्ये गाठ किती निघाली, गाठीच्या तुकड्यावर केलेल्या आयडीएच आणि एमजीएमटी अशा टेस्टमध्ये काय आलं यावर प्रत्येकाचं वेगळं ठरतं.

हा आजार लागतो का? रेडिएशन घेतलेल्या माणसाजवळ पोरांना बसवलं तर चालतं का?

लागत नाही. वेगळं ताट, वेगळा ग्लास काही लागत नाही. बाहेरून मशीननं दिलेलं रेडिएशन अंगात राहत नाही, त्या दिवशी संध्याकाळी नातवाला मांडीवर घेतलं तरी चालतं. उलट तुमची सर्दी, ताप त्याला महागात पडू शकतो, कारण केमोनं आणि स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. घरात कुणी शिंकत असेल तर त्या आठवड्यात जाऊ नका, फोन करा.

भेटायला कधी जावं?

फोन करून जावं, थोडाच वेळ बसावं आणि एकावेळी दोघंच जावं. आपल्याकडं ऑपरेशन झालं की पहिल्या आठवड्यात अख्खी गल्ली येऊन जाते, नारळपाण्याची आणि सफरचंदांची रास लागते, आणि मग दोन महिन्यांनी, जेव्हा माणूस घरात एकटा भिंतीकडं बघत बसलेला असतो, तेव्हा कुणी फिरकत नाही. मला वाटतं सगळ्यात मोठी चूक हीच होते. पहिल्या आठवड्यात गेला नाहीत तरी चालेल. तिसऱ्या, सहाव्या महिन्यात जा, आणि जात राहा.

टीव्ही लावून, चार जणांनी एकदम बोलून गोंधळ करू नका. मेंदूवर ऑपरेशन झालेल्या माणसाला एका वेळी दोन आवाज ऐकले तरी थकायला होतं.

काय बोलू? मला काही सुचतच नाही.

सुचत नसेल तर तेच सांगा, "काय बोलावं कळंना बघ, पण तुला बघायला आलो." चालतं. जे चालत नाही ते म्हणजे "खंबीर रहा", "पॉझिटिव्ह विचार कर, सगळं विचारावर असतं". मनापासून म्हणता हे माहिती आहे, पण ऐकणाऱ्याला असं वाटतं की रिपोर्ट वाईट आला तर आपणच विचार करण्यात कमी पडलो. "काय होत नाही रे तुला" हेपण नको, त्याला खूप काही होतंय आणि ते त्याला दिसतंय.

दादाला सगळ्यात बरं वाटायचं ते त्याच्या कामावरचा एक मित्र आला की. दादा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात फिटर होता, आणि हा मित्र येऊन बसला की सरळ विचारायचा, "अण्णा, त्या तीन नंबरच्या मशीनचा आवाज परत यायलाय, काय बघू सांग." दादा हातानं खुणा करत, अडखळत सांगायचा. आजाराबद्दल एक शब्द नाही. तो गेल्यावर दादा घासभर जास्त जेवायचा, हे वहिनीनं पण बघितलंय. त्याच्या कामातलं त्याला विचारा. मत विचारा. सल्ला घ्या. तो अजून तोच माणूस आहे.

घरच्यांनी पेशंटला कॅन्सर आहे हे सांगितलंच नाही, मग मी काय करू?

सांगणं हे तुमचं काम नाही. तुम्हाला आतून कितीही वाटलं तरी तुम्ही जाऊन फोडू नका. पण खोटंही रचू नका. त्यानं विचारलं, "मला नक्की काय झालंय रे?" तर उलट विचारा, "डॉक्टर काय म्हणाले तुला? तुला काय वाटतंय?" आणि गप ऐका. मग घरातल्या जबाबदार माणसाला बाजूला घेऊन सांगा की त्यानं असं विचारलंय. माझं स्वतःचं मत म्हणाल तर बहुतेकांना कळलेलंच असतं, आणि लपवालपवीत पेशंट एका खोलीत आणि घरचे दुसऱ्या खोलीत वेगवेगळे रडतात. डॉक्टर किंवा समुपदेशक सोबत असताना बोलणं झालं तर सोपं जातं.

मदत करायचीय पण नक्की काय करू?

"काही लागलं तर सांग" एवढं म्हणून जाऊ नका. कुणीच सांगत नाही. लाज वाटते, आणि काय लागतंय याचा विचार करायलाही डोक्यात जागा नसते. एक काम ठरवा, वार ठरवा आणि तेच काम त्याच वारी करत राहा.

सोलापूरचं सांगते. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, काही दिवसाआड येतं आणि कधी रात्री येतं. ज्या घरात एक माणूस पलंगावर आणि दुसरा त्याच्याजवळ, तिथं पाण्याच्या दिवशी हाल होतात. आमच्या शेजारच्या काकू पाणी आलं की स्वतःचं भरायच्या आधी पोराला आमच्याकडं पाठवायच्या, तो मोटर लावायचा, हौद भरायचा, पिण्याचं गाळून ठेवायचा आणि जायचा. चहालापण थांबायचा नाही. मला आजही ती सगळ्यात मोठी मदत वाटते.

अशी कामं भरपूर आहेत. सिव्हिलच्या किंवा योजनेच्या लाईनीत नंबर लावायला सकाळी जाऊन उभं राहणं, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलला लावून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवणं, पोराला शाळेत सोडणं, गॅस नंबर लावणं, लाईट बिल भरणं, रक्ताच्या टेस्टचा रिपोर्ट आणणं. फिट येऊन गेलेली असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवता येत नाही, आणि ज्यानं आयुष्यभर टू-व्हीलर फिरवली त्याला हे फार लागतं, त्याला नुसतं गाडीवर मागं बसवून संध्याकाळी कंबर तलावापर्यंत एक चक्कर मारून आणा. आधी घरच्यांना आणि डॉक्टरांना विचारून, त्याचा तोल नीट असेल तरच, नाहीतर रिक्षा करा.

चार-पाच मित्र मिळून व्हॉट्सअपवर एक छोटा ग्रुप करा, त्यात वार वाटून घ्या, आणि घरच्यांना फक्त एकाच माणसाचा नंबर द्या. नाहीतर वहिनीला दिवसभर पंधरा जणांना तेच ते "आज कसे आहेत" सांगत बसावं लागतं. ती बातमी त्या एका माणसानं ग्रुपवर टाकायची. आणि डोक्याला टाके असलेला फोटो स्टेटसला लावायचा नाही, कितीही प्रेम असलं तरी, त्याला विचारल्याशिवाय नाहीच नाही.

तो आधीसारखा राहिला नाही, एकदम चिडतो, कधी काहीच बोलत नाही. माझं काही चुकलं का?

तुमचं चुकलेलं नसतं बहुतेक वेळा. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असली तर स्वभाव बदलतो, कुणी फटकन बोलतो, कुणाला कशातच रस राहत नाही, आणि लोक म्हणतात आळशी झालाय. त्यात मेंदूची सूज कमी करायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्यानं झोप उडते, भूक सुटते, तोंड सुजतं, शुगर वाढते, मूड वरखाली होतो. फिटच्या काही गोळ्यांनी, लेव्हेटिरासिटाम त्यातलीच, चिडचिड वाढू शकते. हे डॉक्टरांना सांगायला पाहिजे, औषध बदलता येतं, पण स्टेरॉइड किंवा फिटची गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, ते धोक्याचं आहे.

अजून एक, जे लवकर लक्षात येत नाही. दादाच्या ताटातली डावीकडची चटणी, कोशिंबीर रोज तशीच राहायची आणि वहिनीला वाटायचं आवडंना झालीय. शेंगाचटणी आवडंना होईल असा माणूसच नाही तो. नंतर कळलं, त्याला डाव्या बाजूचं दिसतच नव्हतं. ताट फिरवून ठेवलं की सगळं संपायचं. तुमच्या माणसाला एका बाजूचं दिसत नसेल तर दिसणाऱ्या बाजूनं जा, तिकडं बसा, नाहीतर तुम्ही आल्याचंही त्याला कळत नाही आणि तुम्हाला वाटतं त्यानं ओळख दाखवली नाही.

त्याला शब्द सापडत नाहीत, मग मी वाक्य पूर्ण करू का?

थांबा. पाहिजे तेवढा वेळ थांबा. त्यानं मदत मागितली तर करा. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, "चहा का कॉफी" असं दोनातलं निवडायला द्या, खूण केली तरी चालेल. ऐकायला कमी येत नसतं, मोठ्यानं ओरडू नका, आणि तो समोर असताना त्याच्याबद्दल बायकोला विचारू नका. पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड आणि बाहेर मराठी असतं, तिथं एका भाषेत जास्त अडखळायला होतं आणि दुसरीत कमी, असं होऊ शकतं. ज्या भाषेत त्याला सोपं जातंय त्यात बोला. स्पीच थेरपी असते, ती मिळते का डॉक्टरांना विचारा.

माझ्यासमोर फिट आली तर?

घाबरायला होतं, पण करायचं थोडंच आहे. घड्याळ बघा. आजूबाजूचं टोकदार, गरम काही असेल ते सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालायचं नाही. कांदा, चप्पल हुंगवायची नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या वर चालली, एकामागं एक आली, शुद्ध येईना किंवा श्वासाचा त्रास दिसला तर १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. शुद्धीवर आला की तो गोंधळलेला असतो, हळू आवाजात सांगा कुठं आहे, आणि गर्दी पांगवा. त्याला शरम वाटते. बाथरूमची कडी आतून लावू देऊ नका, एवढं घरच्यांना सांगून ठेवा.

ट्रीटमेंटला मुंबईलाच जावं लागतं का?

प्रत्येकाला नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, सोलापुरातही कॅन्सरची ट्रीटमेंट होते. बरेच जण परळच्या टाटा मेमोरियलला मत घ्यायला जातात, टाटाचंच खारघरला ॲक्ट्रेक हे हॉस्पिटल आहे. रेडिएशन साधारण सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज असतं, म्हणून पहिलं मत मुंबईत घेऊन रेडिएशन घराजवळ होईल का हे विचारून घ्या. घरात राहून ट्रीटमेंट झाली तर माणूस अर्धा बरा तिथंच होतो असं मला वाटतं.

मुंबईला जायचंच असेल तर हॉस्पिटलकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून घ्या. ट्रीटमेंटच्या प्रवासाला कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीत तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आपल्याला सोयीची, खालचाच बर्थ बघा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथं चौकशी करा, गर्दी असते, म्हणून आधी फोन करून कागदपत्रं काय लागतात ते विचारा. आणि सोबत कुणी तरणा माणूस जाऊ द्या, टाटात चालणं खूप होतं. ही मदत मित्रांनी करण्यासारखी आहे, दोन दिवस रजा टाका आणि जा.

पैशाचं कसं?

आधी योजना, मग वर्गणी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण योजनेतल्याच हॉस्पिटलमध्ये. ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला भेटा, रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का बघा, यातच लोकांचे आठवडे जातात. योजनेत बसत नसेल ते मुख्यमंत्री सहाय्यता निधीला टाकता येतं, त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. घर फारच गरीब असेल तर संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचे पेशंटही बसतात, तहसील कार्यालयात विचारा. विडी कामगार, यंत्रमाग कामगार असतील तर कामाच्या ठिकाणी पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जातो का तेपण बघा. हे दाखले काढायला फिरणं ही मदतच आहे, पाकिटात पैसे घालण्याएवढीच.

वर्गणी काढली तर हिशोब कागदावर ठेवा आणि घरच्यांच्या हातात द्या. आणि पैसे दिले म्हणून कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं हे तुम्ही ठरवू नका.

देवाला न्यायचं, उपवास धरायचा, कुणी काढा देतंय, काय करावं?

श्रद्धा असेल तर नक्की न्या. सिद्धेश्वरांच्या देवळात सकाळी गर्दी नसताना जाऊन तळ्याकाठी बसून आलं की मन शांत होतं, दादा जायचा. गड्ड्याच्या जत्रेला पण न्या हवं तर, फक्त दुपारी, कमी गर्दीत, एक माणूस हात धरून. जागरण आणि कडक उपवास मात्र पेशंटला नको, झोप मोडली, फिटची गोळी चुकली की फिट यायची शक्यता वाढते. उपवास करायचाच तर त्याच्या नावानं तुम्ही करा.

काढे, भस्मं, "अमुक गावात एक जण मुळी देतो", हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. केमो चालू असताना लिव्हरवर आधीच ताण असतो. आणि त्यासाठी रेडिएशन थांबवायला कुणी सांगत असेल तर त्या माणसाला घरात घेऊ नका.

डबा काय द्यावा?

विचारून द्या. केमोच्या टेमोझोलोमाइड कॅप्सूल बऱ्याच जणांना रिकाम्या पोटी, रात्री झोपताना घ्यायला सांगतात, त्यामुळं रात्री आठला गरम डबा आला की सगळं गणित बिघडतं. मुगाची खिचडी, ताक-भात, मऊ भाकरी आणि पातळ भाजी चालते. कडक भाकरी, झणझणीत काही तोंड आलं असताना नको. स्टेरॉइडनं शुगर वाढलेली असेल तर पेढ्याचा बॉक्स नेऊ नका.

रेडिएशन संपलं, म्हणजे आता बरा झाला ना?

हा प्रश्न घरच्यांना विचारू नका प्लीज. रेडिएशन संपल्यावर पुढचे काही आठवडे थकवा उलट वाढू शकतो, माणूस दिवस दिवस झोपतो. नंतर बऱ्याच जणांना महिन्यातून पाच दिवस गोळ्या असतात, ते महिनोन्महिने चालतं. पहिल्या एमआरआयला कधीकधी गाठ मोठी झाल्यासारखी दिसते आणि ती नुसती रेडिएशनची सूज निघते, डॉक्टर थांबून परत बघतात. एमआरआयच्या आधीचा आठवडा घरात कुणी नीट झोपत नाही, कुणी नीट बोलत नाही. ती तारीख तुमच्या मोबाईलमध्ये लिहून ठेवा. आदल्या दिवशी फोन करा, "उद्या मी येतोय सोबत, किती वाजता निघायचं?"

पोरांना काय सांगायचं?

खरं, पण त्यांच्या वयाचं. "बाबांच्या डोक्यात गाठ झालीय, डॉक्टर औषध देतायत, बाबा चिडले तर ते त्या आजारामुळं, तुझ्यामुळं नाही." माझ्या पुतणीला कितीतरी दिवस वाटत होतं की तिनं हट्ट केला म्हणून बाबांना फिट आली. शाळेत वर्गशिक्षकांना सांगून ठेवा.

त्याच्या बायकोचं कोण बघतं?

बहुतेक घरात कुणीच नाही. आईला, बायकोला, जी कुणी रात्रंदिवस करतेय तिला विचारा, "तू जेवलीस का?" आणि दोन तास स्वतः पेशंटजवळ बसून तिला बाहेर पाठवा, नुसतं बाजारात, पार्लरला, बहिणीकडं, कुठंही. "तू किती करतीस गं, देवीच आहेस" म्हणणारे खूप भेटतात, बसणारे कमी. तिला मन मोकळं करायला कुणी नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

डॉक्टर म्हणाले आता ट्रीटमेंटचा उपयोग नाही, मग जाऊन काय करू?

तेव्हा तर जाच. पॅलिएटिव्ह केअर म्हणून असते, त्यात डोकेदुखी, उलट्या, फिट, झोप या सगळ्यावर औषध चालू राहतं, माणसाला वाऱ्यावर सोडत नाहीत. खरं तर ती पहिल्यापासून घेता येते. तो झोपून असेल, उत्तर देत नसेल, तरी हात धरा, नाव सांगा, काय चाललंय ते सांगा, त्याच्या आवडीचं भजन हळू लावा. त्याच्याजवळ बसून त्याच्याबद्दल वाईट काही बोलू नका, त्याला ऐकू येत असतं असं धरून चाला. भांडण झालेलं असेल तर माफी मागून घ्या, वाट बघू नका.

मी पुण्यात नोकरीला आहे, लांबून काय करणार?

बरंच. रिपोर्ट वाचून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून पाठवा. औषध सोलापुरात मिळालं नाही तर पुण्यात शोधून हुतात्मा एक्सप्रेसनं येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडं द्या. रोज पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल ठराविक वेळेला, तो दमला तर लगेच ठेवा. आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार या, पाहुण्यासारखं नाही, पेशंटच्या खोलीत गादी टाकून झोपायला या, रात्रीच्या गोळ्यांच्या वेळा वहिनीकडून लिहून घ्या आणि त्या दोन रात्री तिला दुसऱ्या खोलीत झोपू द्या.